न उचललेला पगार : बेवारस पैशाचा इतिहास कुठे शोधायचा?

पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. विषय कसा शोधायचा? माझं उत्तरही आता ठरल्यासारखंच झालंय. विषय शोधू नका, आधी एखादा हिशेब शोधा जो जुळत नाही. पैसा कुठून तरी निघाला आणि पोचायचा तिथे पोचलाच नाही, असं कागदावर दिसलं की समजायचं, इथे इतिहास आहे.

आज असाच एक न जुळलेला हिशेब घेऊ. रिझर्व्ह बँकेकडे ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी नावाचा एक निधी आहे. बँकेतल्या खात्यावर दहा वर्षं काही व्यवहार झाला नाही किंवा मुदत संपलेली ठेव दहा वर्षं कुणी मागितली नाही, तर ती रक्कम या निधीत जाते. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते, वर्षभरापूर्वी ६२,२२५ कोटी. वर्तमानपत्रांत याची बातमी आली की मथळा बहुतेक एकाच घाटणीचा असतो : 'यात तुमचेही पैसे आहेत का?' प्रश्न चांगलाच आहे, त्याचं उत्तर कसं मिळवायचं तेही पुढे सांगतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याच्या आधीचा प्रश्न पडायला हवा. दुसऱ्याचा पैसा आपण सांभाळायला घ्यावा, हे सरकारला कधीपासून वाटायला लागलं? आणि घेतलेला पैसा परत द्यायचा की नाही, हे कुणी ठरवलं?

एवढा मोठा प्रश्न एका प्रबंधात मावत नाही. म्हणून त्यातली एक अरुंद गल्ली निवडायची. मी सुचवतो ती गल्ली गिरणगावातून जाते.

त्याआधी थोडं मागे जाऊ, पण फार रेंगाळायला नको.

मालक सापडत नाही अशा वस्तूचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की मालक नाहीसा झालेलं धन राजाने तीन वर्षं ठेव म्हणून सांभाळावं. तीन वर्षांच्या आत मालक आला तर त्याने न्यावं, नंतर राजाने घ्यावं. त्याच स्मृतीच्या नवव्या अध्यायात वारस नसलेल्या ब्राह्मणाचं धन मात्र राजाने कधीच घेऊ नये असं सांगितलंय. हे वचन पुढे थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर गेलं. मच्छलीपट्टणच्या कलेक्टरचा १८६० सालचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. त्यात ठरलं ते असं की वारस नसेल तर ब्राह्मणाची मालमत्तासुद्धा सरकारजमा होते. स्मृतीतला अपवाद कंपनी सरकारच्या, म्हणजे पर्यायाने राणीच्या, हक्कापुढे टिकला नाही. सरकारजमा होण्याचा हा हक्क पुढे राज्यघटनेच्या कलम २९६ मधून आजच्या राज्यांकडे आणि केंद्राकडे आला.

आता देशावरच्या जमिनीकडे बघा. घराणं बुडालं किंवा गाव सोडून गेलं की त्याच्या जमिनीला गतकूळ म्हणायचे. पाटील आणि गाव ती दुसऱ्याला कसायला देत. पण मूळ मिरासदार पुष्कळ वर्षांनी परत आला तर तो आपली मिरास मागू शकत होता. पेशवाई बुडाल्यावर इथला कारभार समजून घेणाऱ्या एल्फिन्स्टनसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांना याचं नवल वाटलेलं दिसतं. दुष्काळाने परागंदा झालेल्या माणसाचा हक्क गाव आठवणीत ठेवत होतं. इथे आठवण हा शब्द भावनेने वापरलेला नाही. पाटील, कुलकर्णी, शेजारपाजारचे जमीनकरी यांच्या साक्षीने चालणारी ती एक व्यवस्था होती. जमीन जागची हलत नाही आणि माणसाला ओळखणारे गावातच असतात.

पगाराचं तसं नाही. पगार हलतो, माणूस हलतो, आणि ज्या शहरात तो कमावला तिथे माणसाला ओळखायचं ते तिकिटाच्या नंबराने.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली. शतक संपेपर्यंत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून आलेल्या माणसांनी परळ-लालबाग भरून गेलं होतं. ही माणसं पूर्णपणे शहराची कधीच झाली नाहीत. पेरणीला, शिमग्याला, गणपतीला, कुणाच्या आजारपणाला गावी जायची आणि कधीकधी परत यायचीच नाहीत. त्यात पगार द्यायची रीत अशी की महिनाभर काम करायचं आणि त्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या मध्याला मिळायचे. म्हणजे कामगाराचे पंधरा दिवस ते दीड महिन्याचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. महिन्याची नोटीस न देता काम सोडलं तर ते बुडाले. मालकांच्या दृष्टीने ही माणूस बांधून ठेवायची युक्ती होती. १८९६ ला प्लेग आला, माणसं शहर सोडून पळायला लागली, तेव्हा काही गिरण्यांना रोजच्या रोज पगार वाटावा लागला, यावरून त्या युक्तीत किती दम होता ते कळतं. माणसांची चणचण होती तेवढ्यापुरताच पगार वेळेवर झाला.

१९३६ चा वेतन प्रदान कायदा आला आणि पगाराला मुदत आली. हजाराच्या आत कामगार असतील तर वेतनाचा महिना संपल्यावर सात दिवसांत, जास्त असतील तर दहा दिवसांत पगार द्यायचा. याच कायद्यात दंडाबद्दल एक तरतूद होती, ती नीट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. कामगाराकडून कापलेल्या दंडाची वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती रक्कम कामगारांच्याच भल्यासाठी, मान्यता मिळालेल्या कामांवरच खर्च करायची. म्हणजे दंड मालकाच्या खिशात जाणार नाही.

पण पगार तयार आहे आणि घ्यायला माणूसच आला नाही, तर? बदलीवरचा पोरगा चार दिवस काम करून गावी गेला. चार दिवसांच्या पैशांसाठी बोटीचं भाडं भरून मुंबईला परत कोण येणार? कुणी वारला आणि बायकोला नवऱ्याचा तिकीट नंबरही माहीत नाही. कुणाला काढून टाकलं आणि नंतर निवाडा होऊन मागची थकबाकी मंजूर झाली, पण तोवर तो दुसऱ्या गावी. एकेकाची रक्कम किरकोळ असते. पण साठ-सत्तर गिरण्या आणि दीड-दोन लाख कामगार म्हटलं की ती किरकोळ राहत नाही. गिरणीच्या वहीत ती 'देणं' म्हणून नोंदलेली आणि गिरणीच्या तिजोरीत भांडवल म्हणून खेळती.

हीच रक्कम डोळ्यांसमोर ठेवून मुंबई राज्याने १९५३ मध्ये मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम केला. या कायद्याने कामगारांच्या कल्याणासाठी एक निधी आणि तो सांभाळायला एक मंडळ तयार झालं. निधीत काय काय जाणार? एक, सगळे दंड. दुसरं, ज्याला कायद्याने 'न दिलेल्या संचित रकमा' म्हटलं ते, म्हणजे देय झाल्यापासून तीन वर्षांत कामगाराला न दिलेली सगळी देणी. त्यात वेतन आलं, कायद्याने देय असलेली ग्रॅच्युइटी आली. आणि एक छोटासा शब्दप्रयोग होता : कायदा येण्यापूर्वी देय झालेली असोत वा नंतर. म्हणजे गिरण्यांना जुन्या वह्या उघडाव्या लागणार होत्या.

(तीन वर्षं! मनुस्मृतीतही तीनच वर्षं. इथे माझ्यासकट सगळ्यांना मोह होतो की दोन्हींना दोरीने बांधावं आणि 'भारतीय परंपरा' असं शीर्षक द्यावं. तसं करू नका. १९५३ ची तीन वर्षं मुदतीच्या कायद्यातून आलेली दिसतात, कारण वेतनाच्या थकबाकीचा दावा करायला तेवढीच मुदत होती. दोन आकडे सारखे असणं म्हणजे एक दुसऱ्यातून आला असं होत नाही. मार्गदर्शकांनी प्रबंधावर लाल पेन फिरवावं असा हा मुद्दा आहे.)

बॉम्बे डाइंग कंपनीने या कायद्याला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल डिसेंबर १९५७ चा. विद्यार्थ्यांनी हा निकाल मूळातून वाचावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कायद्याची भाषा आहे म्हणून घाबरू नका. त्यातला युक्तिवाद अगदी घरगुती भाषेत सांगता येतो.

सरकारचं म्हणणं असं. तीन वर्षं झाली, कामगार आला नाही, आता तो दावाही करू शकत नाही. मग हा पैसा बेवारस झाला. बेवारस मालमत्ता राज्याची. आम्ही तरी तो कामगारांसाठीच वापरणार आहोत, गिरणीने तो का दाबून ठेवावा?

न्यायालयाने यातलं पहिलंच पाऊल मान्य केलं नाही. मुदत संपली म्हणजे कोर्टात जाऊन वसूल करायचा रस्ता बंद होतो, पण देणं संपत नाही. आपण गावाकडे म्हणतोच, मुदत गेली म्हणून उसनवारी फिटत नाही. देणं जिवंत आहे म्हणजे घेणेकरीही आहे, आणि घेणेकरी आहे म्हटल्यावर पैसा बेवारस कसा? शिवाय १९५३ च्या कायद्यात कामगाराचा शोध घ्यायची, त्याला कळवायची, तो आला तर पैसे परत करायची सोयच नव्हती. रक्कम एकदा मंडळाकडे गेली की गेलीच. त्यामुळे हे बेवारस मालमत्ता सांभाळणं ठरत नाही, दुसऱ्याची मालमत्ता घेणं ठरतं, आणि ते घटनेने दिलेल्या मालमत्तेच्या हक्कात बसत नाही. न दिलेल्या रकमांपुरती ही तरतूद रद्द झाली. दंडाची तरतूद टिकली, कारण दंडाच्या पैशावर मालकाचा मोकळा हक्क १९३६ पासूनच नव्हता.

आता परिणाम बघा. कामगाराला झालेला दंड कामगारांच्या निधीत गेला. कामगाराने घाम गाळून मिळवलेला पण न उचललेला पगार मात्र गिरणीकडे राहिला. न्यायालयाचं तर्कशास्त्र चुकलं असं मला वाटत नाही. उलट कामगाराचा हक्क जिवंत आहे, हे त्याच निकालात ठणकावून सांगितलंय. पण त्या हक्काचा फायदा मिळाला कुणाला? ज्याच्याकडे पैसा होता त्याला.

इथे एक गोष्ट तपासून बघायची सवय लावून घ्या. कुठलाही निकाल ऐतिहासिक साधन म्हणून वाचताना, यात पक्षकार कोण आहेत हे पाहाच, पण ज्याच्याबद्दल सगळं चाललंय तो पक्षकार आहे का, हे आधी पाहा. इथे एका बाजूला गिरणी, दुसऱ्या बाजूला सरकार. ज्याचा पगार, तो कामगार पानापानावर आहे, पण उल्लेखात. त्याचं गाव, त्याचं नाव, तो का आला नाही, यातलं काही तिथे सापडणार नाही. तो सापडणार नाही याबद्दल न्यायाधीशांना दोष देण्यातही अर्थ नाही, ते त्यांचं काम नव्हतं. ते आपलं काम आहे.

पुढची गोष्ट जास्त रंजक आहे. सरकारने निकाल नीट वाचला आणि कायदा दुरुस्त केला. १९६० मध्ये राज्याचे दोन भाग झाले होते. गुजरातने १९६१ मध्ये दुरुस्ती करून कलम ६-अ घातलं, आणि महाराष्ट्राच्या कायद्यातही त्याच धर्तीचं कलम आहे. हे कलम म्हणजे बेवारस पैशाची एक छोटी नियमावलीच आहे. न दिलेली रक्कम 'त्यक्त मालमत्ता' मानायची. मालकाने ती मंडळाकडे भरली की तेवढ्यापुरता तो मोकळा, कामगाराला द्यायची जबाबदारी आता मंडळाची. मंडळाने नोटीस काढायची : कारखान्याच्या सूचनाफलकावर, राजपत्रात आणि त्या भागातल्या लोकांना कळणाऱ्या भाषेतल्या, भरपूर खपाच्या दोन वर्तमानपत्रांत. दरवर्षी जून आणि डिसेंबरमध्ये, अशी तीन वर्षं. पहिल्या नोटिशीपासून चार वर्षांत कुणाचा दावा आला तर तो वेतन कायद्याखालच्या प्राधिकाऱ्याकडे निकालासाठी पाठवायचा. कुणीच आलं नाही तर मग ती रक्कम बेवारस म्हणून राज्याची आणि तिथून निधीची.

म्हणजे १९५७ ला न्यायालयाने जे नाही म्हणून दाखवलं होतं, शोध, सूचना, दावा, तेवढं कायद्यात भरलं. अहमदाबादच्या अंबिका मिल्सने यालाही आव्हान दिलं. गुजरात उच्च न्यायालयात गिरणी जिंकली. पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निकाल न्या. के. के. मॅथ्यू यांनी लिहिला आहे आणि तो कायद्याच्या वर्गात आजही शिकवतात, पण पगारासाठी नव्हे. तो शिकवतात ते 'घटनाविरोधी कायदा कुणापुरता शून्य?' या प्रश्नासाठी. मालमत्ता बाळगण्याचा तेव्हाचा मूलभूत हक्क नागरिकांना होता. कंपनी नागरिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात ठरवलं होतं. मग नागरिकांच्या हक्काशी विसंगत म्हणून कायदा शून्य झाला असं धरलं, तरी तो नागरिकांपुरता शून्य. गिरणीला त्याचा आधार घेता येत नाही.

मला यात फार गंमत वाटते. १९५७ मध्ये गिरणी जिंकली ती मालमत्तेच्या हक्कावर. १९७४ मध्ये ती हरली, कारण तो हक्क तिचा नव्हताच. दोन्ही वेळा कामगार कुठेच नाही. आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कच यादीतून गेला.

कायद्यापुरतं प्रकरण इथे मिटलं. इतिहासकाराचं इथून सुरू होतं, कारण आता विचारायचा प्रश्न साधा आहे : नोटीस वाचली कुणी?

विचार करा. पगार घ्यायला न आलेला माणूस म्हणजे बहुधा गिरणी सोडून गेलेला माणूस. त्याच्यासाठी पहिली नोटीस लावायची कुठे, तर गिरणीच्या फलकावर. राजपत्र गावात कुठे येतं? वर्तमानपत्र तालुक्याला येत असेल, पण घरी वाचणारं कुणी असेल तर. आणि नाव वाचलं तरी ओळखायचं कसं? गिरणीच्या मस्टरवर माणसाचं नाव, वडिलांचं नाव, तिकीट नंबर, खातं अशी ओळख. गावात त्याला भावकीने, वाडीने ओळखतात. एकाच नावाचे चार जण एका साच्याखात्यात असणं मुंबईत मुळीच नवल नव्हतं. जमिनीच्या बाबतीत साक्ष द्यायला गाव होतं. इथे साक्ष देऊ शकतील अशी माणसं म्हणजे मुकादम, खोलीतले गावकरी, खानावळवाली. त्यांना कायद्याने कुठे विचारलंय? माझ्या मते कलम ६-अ चा खरा दोष हाच. त्याने हक्काची प्रक्रिया दिली, पण ती निघून गेलेल्या माणसाच्या वाटेवर ठेवली नाही, त्याने सोडलेल्या जागेवर ठेवली.

हे माझं अनुमान आहे. ते सिद्ध करायचं तर दाव्यांचं प्रमाण काढावं लागेल : किती रक्कम जमा झाली, किती दावे आले, किती मंजूर झाले. कामाला लागणाऱ्याने त्यासाठी राजपत्राचे जून आणि डिसेंबरच्या आसपासचे अंक, मंडळाचे वार्षिक हिशेब आणि वेतन प्राधिकाऱ्यांची प्रकरणं या तिन्ही ठिकाणी जायला हवं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार ही पहिली पायरी. त्याच्या जोडीला मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाचं 'लेबर गॅझेट' हे मासिक, जे १९२१ पासून निघत होतं. वेतन, दंड, कपाती यांवरची चौकशी त्यात विखुरलेली आहे. नुसती शोधसूची पाहून उठू नका, अंक चाळा. 'न उचललेला पगार' असा मथळा तुम्हाला फारसा मिळणार नाही. तो कपातींच्या, संपांच्या, काम सोडून जाण्याच्या माहितीत दडलेला असतो.

आणखी एक साधन घरात आहे. म्हाडाच्या घरांसाठी गिरणी कामगारांची पात्रता ठरवताना १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा मागितला गेला. त्यामुळे कोकणात आणि घाटावर हजारो घरांत तिकीट, फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड, हजेरीचा कागद जपून ठेवला गेला. नाहीतर हे कागद रद्दीत गेले असते. घरासाठी जपलेले हे कागद पगाराच्या इतिहासाला उपयोगी पडतील, हे त्यांच्या मालकांच्या मनातही नसेल. कुणी दाखवले तर आधी परवानगी घ्या, झेरॉक्स काढा आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करा. ते कागद अजून त्यांच्या हक्काचे आहेत, आपल्या तळटीपेसाठी नाहीत.

एक बाजू मात्र न्यायाने मांडायला हवी. मंडळाकडे गेलेला पैसा वाया गेला असं म्हणता येणार नाही. कामगार कल्याण केंद्रं, वाचनालयं, शिवणवर्ग, कामगारांच्या नाट्यस्पर्धा हे सगळं या निधीतून उभं राहिलं. निधीत पुढे कामगार, मालक आणि सरकार यांची वर्गणीही आली, त्यामुळे सगळं श्रेय न उचललेल्या पगाराला देता येणार नाही. पण निधीच्या उगमात तोही आहे. कुठल्याशा बदली कामगाराच्या चार दिवसांच्या पगारातून कुणाच्या तरी नाटकाचे पडदे आले असतील. त्याला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता का? कदाचित म्हणाला असता. प्रश्न विचारला गेला नाही, एवढंच.

आता आजच्याकडे येऊ, कारण हा धागा तुटलेला नाही. बेवारस पैशाचे कायदे एकामागून एक ठेवले की वाटतं, हळूहळू सुधारणा होत गेली असेल. तसं दिसत नाही. कंपन्यांच्या न घेतलेल्या लाभांशाचं बघा. १९७४ च्या दुरुस्तीनंतर तो तीन वर्षांनी केंद्राच्या महसुलात जायचा, पण भागधारक सरकारकडे मागू शकत होता. १९९९ च्या दुरुस्तीने गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधी आणला आणि सांगितलं की सात वर्षांनी रक्कम इथे आली की कुणाचाही दावा चालणार नाही. म्हणजे १९५३ चं बंद दार पुन्हा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ते उघडलं आणि २०१६ पासून त्या निधीकडून परतावा मागता येतो. बँक ठेवींच्या निधीत, जो २०१४ मध्ये सुरू झाला, दाव्याला मुदतच नाही. ठेवीदार किंवा वारस बँकेकडे जातो, बँक पैसे देते आणि निधीकडून भरून घेते. उलट २०१५ च्या वित्त कायद्याने आणलेल्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत, जिथे भविष्य निर्वाह निधी, टपाल बचत, विमा यांच्या वर्षानुवर्षं पडून असलेल्या रकमा जातात, पंचवीस वर्षांची मुदत आहे, नंतर रक्कम केंद्राची. दार कधी उघडं, कधी बंद, कधी अर्धवट. असं का झालं, प्रत्येक वेळी संसदेत कोण काय बोललं, यावर मराठीत काम करायला पुष्कळ वाव आहे.

आणि आता ज्यांच्या घरात असा पैसा असू शकतो त्यांच्यासाठी. बँक ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून आहे. तिथे नाव आणि पॅन, जन्मतारीख यांसारखी एखादी ओळख टाकून अनेक बँकांत एकदम शोध घेता येतो. पोर्टल फक्त शोधून देतं, पैसे मागायला त्या बँकेतच जावं लागतं. लाभांश आणि शेअरसाठी गुंतवणूकदार निधीच्या संकेतस्थळावर शोध आहे. आजोबा गिरणीत असतील तर सगळ्यात आधी फंडाचं बघा. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा पहिल्याच झटक्यात ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यात कापड उद्योग होता. मात्र काही गिरण्यांचे फंड त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे होते, तेव्हा खातं सरकारी कार्यालयाकडे होतं की ट्रस्टकडे, हे पावतीवरून आधी ठरवा. खातेदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन असेल तर ते, नसेल तर वारसाचा पुरावा लागतो. नावात फरक असेल, सातबारावर एक आणि मस्टरवर दुसरं, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, फेऱ्या वाचतात. आणि 'तुमचे पैसे काढून देतो, इतके टक्के द्या' म्हणणाऱ्याला आधारची प्रत आणि ओटीपी देऊ नका. शोध घ्यायला पैसे लागत नाहीत.

संशोधनाच्या दृष्टीने यात एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. १९६१ ची नोटीस गिरणीच्या फलकावर लागत होती, आजची यादी पोर्टलवर लागते. रत्नागिरी किंवा साताऱ्यातल्या एखाद्या गावात जाऊन पाहायचं असेल तर दोन प्रश्न पुरेत : घरातून मुंबईला कोण कोण गेलं होतं, आणि त्यांच्या पश्चात काही पैसे आले का? पहिल्या प्रश्नाला लोक भरभरून बोलतात. दुसऱ्याला आधी नाही म्हणतात आणि मग कुणीतरी आतून पत्र्याची पेटी आणायला उठतं. वहीत नोंद तिथून सुरू करा, आणि तिकिटावरचा नंबर आधी उतरवून घ्या.